‘पिशवी’, ‘नस’ आणि ‘गॅप’: शरीररचनेच्या शिक्षकाने संशोधन कुठून सुरू करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अ‍ॅनॅटॉमीत एमडी करून तुम्ही दोन वर्षांपूर्वी एका वैद्यकीय महाविद्यालयात रुजू झालात. देहदानाची जनजागृती आणि शाळांच्या भेटी हे काम तुमच्याकडे आलं. त्यातून ‘ग्रामीण जनतेतील शरीराविषयीचे गैरसमज’ असा एक प्रकल्प करावा असं तुम्हाला वाटतं. सहकारी म्हणतात, हे अ‍ॅनॅटॉमीचं संशोधन नव्हे, हे समाजशास्त्र झालं. तर करावं की करू नये, आणि करायचं तर कसं?

करावं. आणि हे अ‍ॅनॅटॉमीचंच काम आहे. फक्त शीर्षक आत्ताच बदला. का बदला, ते सांगण्यातच माझं बहुतेक उत्तर येईल.

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका आरोग्य मेळाव्यात मी गर्भाशयाचं मॉडेल घेऊन बसले होते. तिशी ओलांडलेली एक बाई बराच वेळ लांबून बघत होती. गर्दी कमी झाल्यावर जवळ आली, मॉडेल हातात घेतलं आणि म्हणाली, “एवढुशी असती व्हय पिशवी? मला वाटलं पोटभर असंल.” तिची पिशवी काढून चार वर्षं झाली होती. का काढली, तर पांढरं जात होतं, “डाक्टर म्हनले सूज हाय, पुढं क्यान्सर व्हईल. दोन लेकरं झाली, मग कशाला ठिवायची?” आता कंबर धरते, अंगातून वाफा निघतात, झोप लागत नाही, असंही तिनं सांगितलं. मी तिला विचारलं, अंडाशयं काढली का? तिला तो शब्दच माहीत नव्हता. पोटात पिशवी असते, बाकी काही असतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

‘पिशवी’ हा शब्द आपण डॉक्टरांनीही किती सहज स्वीकारला आहे बघा. पिशवीत वस्तू ठेवतात, काढतात, आणि पिशवी फाटली की टाकून देतात. गर्भाशय तसं नाही. जेमतेम साडेसात सेंटिमीटर लांबीचा तो जाड भिंतीचा स्नायू आहे, आणि गर्भ नसताना त्याच्या पुढच्या-मागच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात, मध्ये फक्त एक फट. त्याला रक्त पुरवणारी रोहिणी पुढे जाऊन अंडाशयाच्या रोहिणीला मिळते. त्यामुळे अंडाशयं ठेवून नुसतं गर्भाशय काढलं तरी काही बायकांची पाळी जाण्याच्या वयाची लक्षणं लवकर सुरू होतात, आणि अंडाशयंही काढली तर ती लगेचच येतात. ही पहिल्या वर्षाची अ‍ॅनॅटॉमी आहे. आपण ती विच्छेदनाच्या टेबलावर दाखवतो, तोंडी परीक्षेत विचारतो, आणि तिथेच सोडून देतो.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली. सरकारने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. यामागे गैरसमज हे एकच कारण होतं असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. मुकादमाची उचल, एक खाडा पडला की कापली जाणारी मजुरी, फडात ना संडास ना पाणी, कोवळ्या वयात लग्न, आणि काही ठिकाणी पैशासाठी सुरी हातात घेणारे आमच्याच पेशातले लोक, हे सगळं त्यात होतं. पण ऑपरेशनला ‘हो’ म्हणवून घ्यायला जे वाक्य वापरलं गेलं, “पोरं झाली, आता पिशवीचा काय उपयोग”, ते शरीररचनेबद्दलचं वाक्य आहे. त्याला उत्तर देण्याची पात्रता आपल्या विभागात होती. आपण तिथे नव्हतो. मला हे अजून टोचतं.

आता शीर्षकाकडे. ‘ग्रामीण जनतेतील गैरसमज’ असं लिहिलं की निष्कर्ष आधीच ठरतो. अशा प्रबंधांची कपाटं भरली आहेत: दोनशे जणांची प्रश्नावली, त्यात ‘अशिक्षित’, ‘ग्रामीण’, ‘महिला’ या रकान्यांपुढे कमी गुण, आणि शेवटी ‘जनजागृतीची गरज आहे’. पूर्वग्रहावर संशोधन करताना आपणच एक पूर्वग्रह छापून मोकळे होतो. २००९ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या जॉन वाइनमन आणि सहकाऱ्यांनी ७२२ लोकांना शरीराच्या बाह्याकृती दिल्या आणि कुठला अवयव कुठे, हे ओळखायला सांगितलं. हृदयाची जागा निम्म्याहून कमी लोकांना बरोबर ओळखता आली. ज्यांना त्या-त्या अवयवाचाच आजार होता, त्यांचीही उत्तरं बहुतेक अवयवांच्या बाबतीत इतरांपेक्षा फारशी सरस नव्हती. हे सगळं लंडनमधल्या दवाखान्यांत. तेव्हा अज्ञान हे खेड्याचं किंवा निरक्षरतेचं लक्षण समजू नका. पुण्यातल्या एका उच्चशिक्षित सोसायटीत मी कागद वाटले होते, तर यकृत डावीकडे काढणारे तिथे भरपूर निघाले.

म्हणून माझा सल्ला असा: लोकांना काय माहीत नाही हे मोजू नका. त्यांना जे माहीत आहे ते कुणाकडून आलं, कुठल्या शब्दातून आलं, आणि त्याने काय केलं, हे शोधा. असा शोध घेतलात तर पुष्कळ वेळा माग आपल्याच दारात येऊन थांबेल.

‘मणक्यात गॅप’ घ्या. महाराष्ट्रात प्रत्येक दुसऱ्या घरात कुणालातरी मणक्यात गॅप असतो. तो तर सगळ्यांनाच असतो! दोन मणक्यांमध्ये चकती असते, साध्या एक्स-रेवर ती दिसत नाही, म्हणून तिथे रिकामी जागा भासते. ती जागा कमी झाली तर काळजी करायची. पण कुणा डॉक्टरने फिल्म दिव्यासमोर धरून बोट ठेवलं आणि म्हटलं, ‘हा गॅप बघा’, आणि माणूस घरी गेला तो पाठीत फट पडल्याच्या समजुतीने. मग वाकणं बंद, घागर उचलणं बंद, पट्टा कायमचा. हा गैरसमज दवाखान्यात जन्मला आहे.

दुसरा शब्द ‘नसबंदी’. मराठीत नस म्हणजे शीर, आणि कधीकधी मज्जातंतूसुद्धा. ‘नस दबली’ की हात बधिर होतो, ‘नस कापली’ की माणूस मरतो. अशी नस ‘बंद’ करायची म्हटल्यावर पुरुषाला ताकद जाण्याची भीती वाटली, तर त्याला हसण्यासारखं काय आहे? ज्या नळीला गाठ मारतात ती शुक्रवाहिनी, साधारण ४५ सेंटिमीटर लांबीची, शुक्रजंतू वाहून नेण्यापलीकडे तिचं काम नाही. पुरुषी संप्रेरक वृषणातून थेट रक्तात जातं, या नळीतून नाही. वीर्यातला बहुतेक द्रव शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींमधून येतो, म्हणून शस्त्रक्रियेनंतरही बाहेरून फरक कळत नाही. एवढं सांगायला पाच मिनिटं लागतात. आणि न सांगितल्याची किंमत कोण देतं, तर बाई. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गर्भनिरोधनासाठी स्त्री-नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के होतं, पुरुष-नसबंदीचं ०.३ टक्के. पोट उघडावं लागत नाही, टाका बहुधा लागत नाही, ते ऑपरेशन पुरुषाने टाळायचं आणि पोटातलं ऑपरेशन बाईने करून घ्यायचं. पुरुषपणाच्या कल्पनेला एका चुकीच्या शब्दाने शास्त्राचा आधार मिळवून दिला, असं माझं मत आहे. कामात ‘शुक्रवाहिनी’ म्हणून बघा, चित्र काढून दाखवा. कान आधी बिचकतात, मग सरावतात.

तिसरा शब्द सगळ्यांत जड. ‘कौमार्यपटल’. शब्दातच निकाल दिला आहे. योनीमुखाशी असणारी ही श्लेष्मल त्वचेची घडी. तिचे आकार जन्मापासूनच वेगवेगळे असतात: अर्धचंद्र, कडं, झालर, क्वचित अनेक छिद्रांची. ती ‘पडदा’ नाही, कारण पडदा असता तर पाळीचं रक्त बाहेर कसं आलं असतं? पहिल्या संबंधात रक्त येईलच असं नाही, आणि ही घडी बघून स्त्रीचा पूर्वेतिहास सांगता येत नाही. आपल्या राज्यात २०१८ च्या सुमारास कंजारभाट समाजातल्या तरुण-तरुणींनी लग्नाच्या रात्रीच्या चादरीच्या परीक्षेविरुद्ध उघडपणे आवाज उठवला आणि त्यासाठी मार आणि बहिष्कार सोसला. आपण शहरी लोक त्या बातम्या वाचून ‘काय ही प्रथा’ म्हणत होतो. त्याच वेळी आपल्या वैद्यकीय अभ्यासक्रमात न्यायवैद्यकशास्त्राच्या पुस्तकांत ‘कौमार्याची लक्षणं’ हा धडा होता, त्यावर प्रश्न येत होते, गुण मिळत होते. सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेतले प्राध्यापक इंद्रजित खांडेकर यांनी याला शास्त्रीय आधार नसल्याचा अहवाल दिला आणि २०१९ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने तो भाग अभ्यासक्रमातून काढला. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलात्कारपीडितेची तथाकथित ‘दोन बोटांची चाचणी’ करणं हे गैरवर्तन ठरेल असं सांगितलं. म्हणजे जातपंचायतीच्या चादरीला आणि आपल्या छापील धड्याला एकच समजूत पुरत होती. स्वीडनमध्ये २००९ साली लैंगिक शिक्षणाचं काम करणाऱ्या एका संघटनेने या अवयवाला नवं नावच दिलं, ‘योनीचं कडं’ अशा अर्थाचं. मी वर्गात ‘योनिमुखाची घडी’ म्हणते. तुम्हाला याहून चांगला शब्द सुचला तर वापरा, पण ‘कौमार्य’ त्यातून काढा.

मराठीत हे काम आपण पहिल्यांदा करतोय असं मात्र समजू नका. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत लैंगिक शिक्षणाचं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक जवळजवळ एकट्याने चालवलं. अश्लीलतेचे खटले सोसले, आणि १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. त्यांच्या मतांतलं सगळं मला पटत नाही. पण गणिताचा एक प्राध्यापक शरीराबद्दल मराठीत स्पष्ट लिहू शकत होता, आणि आपण, जे रोज हात लावून शिकवतो, ते इंग्रजी-लॅटिनच्या आड बसून राहिलो, याची खंत वाटते.

आता विभागाच्या आतलं. तुमच्या प्रकल्पाचा पहिला भाग इथे करा असा माझा आग्रह आहे, लोकांपर्यंत जाण्याआधी.

तुमचे विद्यार्थी वापरतात ती दोन-तीन पुस्तकं घ्या. प्रजननसंस्था वगळून बाकीच्या प्रकरणांत किती आकृत्या पुरुषाच्या, किती स्त्रीच्या, किती ओळखू न येणाऱ्या, मोजा. अमेरिकेत हे १९८० आणि ९० च्या दशकांत झालं, आणि पुरुषाचं शरीर हेच ‘माणसाचं शरीर’ म्हणून दाखवलं जातं हे दिसून आलं. कार्डिफ आणि पॅरिसमधल्या शिक्षकांनी २०१४ च्या सुमारास पुस्तकांसोबत विद्यार्थ्यांनाही याबद्दल विचारलं. २०१८ मध्ये चार प्रमुख वैद्यकीय पाठ्यपुस्तकांतली चार हजारांहून अधिक चित्रं तपासली गेली, तर गडद त्वचेची चित्रं पाच टक्क्यांहूनही कमी निघाली. आपली मुलं त्याच गुलाबी आकृत्यांवर शिकतात आणि मग सावळ्या हातावर शीर शोधताना चाचपडतात. आणि स्त्रीच्या शरीरात तर पुस्तक चुकतंही. क्लिटोरिसचा, म्हणजे स्त्रीच्या लैंगिक सुखाच्या अवयवाचा, खरा आवाका, आत दडलेल्या भागांसह, नीट मांडला तो मेलबर्नच्या शल्यविशारद हेलन ओकॉनेल यांनी, १९९८ मध्ये. हृदयाच्या झडपा शतकानुशतकं माहीत, चंद्रावर माणूस जाऊन तीस वर्षं होत आलेली, आणि हे तेव्हा! तुमच्या विच्छेदनाच्या हॉलमधल्या मुलांना तो भाग विच्छेदन करून दाखवला जातो का, तेही नोंदवा. माझ्या नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत मीही तो ‘वेळेअभावी’ सोडला, हे कबूल करते.

मग टेबलावर कोण आहे ते बघा. आपल्याकडचा १९४९ चा शरीररचना कायदा मुख्यतः बेवारस मृतदेहांसाठी झाला. त्यामुळे किती तरी पिढ्यांनी शरीररचना शिकली ती फुटपाथवर, रेल्वे स्टेशनवर, सरकारी वॉर्डात एकट्याने मेलेल्या गरीब माणसांवर. मी पाहिलेल्या टेबलांवर पुरुष जास्त, कृश देह जास्त. एक स्त्रीदेह आला की तीन बॅचेस त्याभोवती गर्दी करायच्या. अशा देहांना मुलं नावं ठेवायची, विनोद करायची, आणि कुणी अडवायचं नाही. २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात ‘मृतदेह हा पहिला गुरू’ हा भाग आला, शपथ होते, फुलं वाहतात. चांगलं आहे. पण शपथ संपल्यावर देह उचलून टाकीतून बाहेर काढणारा मदतनीस कोण, त्याचं आडनाव काय, हे किती विद्यार्थी सांगू शकतात? मेलेल्याला हात लावण्याचं काम पिढ्यानपिढ्या ठरावीक जातींवर ढकललेलं आहे, आणि आमच्या हॉलनेही ते मुकाट्याने तसंच चालू ठेवलं. या लोकांच्या मुलाखती घ्या. एम्बामिंगची, म्हणजे देह रसायनं भरून टिकवण्याची, जी समज त्यांच्या हातात आहे ती अनेक प्राध्यापकांकडे नाही. माझ्या माहितीतलं सगळ्यांत महत्त्वाचं न झालेलं संशोधन हेच आहे.

शाळेच्या भेटींबद्दल एक स्पष्ट सांगते. संग्रहालयातल्या बरण्यांतले गर्भ मुलांना दाखवू नका. मुलं तिथेच सर्वांत जास्त रेंगाळतात, म्हणून आपण तिथे नेतो. त्या गर्भांच्या आयांना कुणी विचारलं नव्हतं. हाडं दाखवा, मॉडेल दाखवा, मुलांना स्वतःच्या मनगटावर नाडी आणि कोपराचं हाड शोधायला लावा. आणि आपल्याकडचे जुने सांगाडे कुठून आले, हेही मोठ्या वर्गांना सांगायला हरकत नाही. भारतातून सांगाड्यांची निर्यात १९८५ मध्ये बंदी येईपर्यंत चालत होती, आणि ते सांगाडे कुणा श्रीमंतांचे नव्हते.

देहदानाच्या सभेत लोक पहिला प्रश्न विचारतात तो ‘चिरफाडीचा’. शवविच्छेदन म्हणजे त्यांच्या डोळ्यांसमोर पोलीस, पंचनामा आणि शवागाराबाहेरची रांग. आपणही पोस्टमॉर्टेम आणि शिकण्यासाठीचं विच्छेदन या दोन्हीला एकच शब्द वापरतो. तेव्हा आधी तो फरक सांगा. दधीचीची गोष्ट सांगून थांबू नका, व्यवहाराचं बोला: नुसतं इच्छापत्र भरून होत नाही, मृत्यूनंतर नातेवाइकांनीच देह पोचवायचा असतो, त्यांचं एकमत हवं. पोस्टमॉर्टेम झालेला देह किंवा काही संसर्ग असलेला देह महाविद्यालय घेत नाही. नेत्रदान मात्र सोबत करता येतं, काही तासांच्या आत. आणि धर्म आडवा येतो, अमक्या विचाराचे लोक देत नाहीत, असं गृहीत धरू नका. २०१० च्या जानेवारीत कम्युनिस्ट ज्योती बसूंचा देह कोलकात्यात शिक्षणासाठी दिला गेला, आणि पुढच्याच महिन्यात संघाचे नानाजी देशमुख गेले, मूळ आपल्या हिंगोली जिल्ह्यातले, त्यांचा देह दिल्लीच्या एम्सला. मी सभेत ही दोन नावं एका दमात घेते आणि मग कुणाला काय विचारायचं ते विचारू देते. सुश्रुतसंहितेतलं वर्णनही उपयोगी पडतं: देह गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचा आणि मग वाळ्याच्या, केसांच्या, बांबूच्या कुंच्याने हळूहळू घासत थर बघायचे. ‘आपल्यात असं नसतं’ म्हणणारे आजोबा हे ऐकून पुढे सरकतात.

पद्धतीचं थोडक्यात. नैतिकता समितीची परवानगी आधी घ्या, संमतीपत्र मराठीत आणि वाचून दाखवता येईल असं लिहा. प्रश्नावलीपेक्षा कोरी बाह्याकृती आणि पेन्सिल जास्त बोलते. माणसाला काढू द्या, मग विचारा, ‘हे तुम्हाला कुणी सांगितलं?’ हे एक वाक्य शंभर टिकमार्कांपेक्षा मोलाचं आहे. उत्तर जसंच्या तसं, त्यांच्या बोलीत उतरवा, प्रमाण मराठीत सुधारू नका. ‘कॉपर-टी छातीत चढते’ म्हणणाऱ्या बाईला लगेच दुरुस्त करायची घाई नको. पोट आणि छाती यांच्यामध्ये स्नायूचा पडदा आहे हे ती दुसऱ्या भेटीत स्वतः चित्रात काढेल, तर ते टिकेल. व्याख्यानाआधी आणि व्याख्यानानंतर लगेच घेतलेल्या चाचणीचे गुण छापू नका, ते नेहमीच वाढतात. सहा महिन्यांनी परत जा. आशाताईंना सोबत घ्या आणि लेखात सहलेखक म्हणून त्यांची नावं द्या. अर्धं ज्ञान त्यांच्याकडून येणार आहे. आणि जिथे जाल तिथे डॉक्टरांनाही तोच कागद द्या, तेच प्रश्न विचारा. त्यांची उत्तरं त्याच तक्त्यात, त्याच रकान्यांत येऊ देत.

शीर्षकासाठी मी सुचवीन: ‘शरीराचे मराठी शब्द: कुणी दिले, कसे समजले’. सहकाऱ्यांना हे समाजशास्त्र वाटलं तर वाटू दे. पहिला कागद छापण्यापूर्वी एकदा मला दाखवा, आणि बाह्याकृती दोन ठेवा, एक पुरुषाची, एक स्त्रीची, दोन्ही सारख्याच मापाच्या. कुठली उचलायची ते समोरच्याला ठरवू द्या आणि ते नोंदवायला विसरू नका.